गावठी तूप, गावठी बोली

जळगाव किंवा धुळ्याच्या बाजारात एखाद्या जिनसेला ‘गावठी’ म्हटलं की तिचा भाव चढतो. गावठी कोंबडी ब्रॉयलरपेक्षा महाग, गावठी अंडी, गावठी लसूण, गावठी तूप यांना दोन पैसे जास्त मोजायला गिऱ्हाईक खुशीनं तयार असतं. हाच शब्द माणसाच्या बोलण्याला लावला की त्या माणसाचा भाव उतरतो. “गावठी बोलू नको” ही ताकीद खानदेशातल्या असंख्य घरांत मुलांना मिळते, आणि ती देणारे आईबाप एकमेकांशी अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत बोलत असतात. एकाच अंगणातून निघालेलं तूप शहरात मानानं जातं आणि बोली मात्र वेशीवर थांबते. या भेदात खानदेशातल्या उच्चनीचतेचं एक मर्म दडलेलं आहे असं मला वाटतं. इथं वरचा वर्ग ओळखायची पहिली खूण पैशापेक्षा जिभेत शोधली जाते.

पैशाची इथं वाण नाही. रावेर-यावलची केळी देशभर जाते, जळगावचा सराफ बाजार महाराष्ट्राला ठाऊक आहे, कापसानं पिढ्यान्‌पिढ्या घरं उभी केली आहेत. तरीही केळीच्या बागा असलेला, दारात मोटार असलेला शेतकरी मोठ्या दवाखान्याच्या काउंटरवर किंवा मुलाच्या इंग्रजी शाळेच्या कचेरीत गेला की शब्द तोलूनमापून काढू लागतो. गावात “काय करी ऱ्हायना भो?” असं मोकळेपणानं विचारणारा माणूस तिथं अडखळत ‘शुद्ध’ मराठी बोलतो, नाहीतर गप्प राहतो. घरातल्या हाकाही याच जिन्यावरून चढत गेल्या आहेत. आजी ‘माय’ होती, तिची सून ‘आई’ झाली, नातसून ‘मम्मी’ आहे. प्रत्येक पिढीनं एक पायरी वर टाकली, आणि प्रत्येक पायरीवर मागचा शब्द थोडा लाजिरवाणा ठरला.

ही लाज बोलीच्या एखाद्या दोषातून आलेली नाही, हे नीट पाहिलं पाहिजे. खानदेशी बोलणं हसण्यावारी नेताना बहुधा दोन उच्चारांवर बोट ठेवलं जातं. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, म्हणून केळीची ‘केयी’ आणि डोळ्याचा ‘डोया’ होतो. आणि ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून पाणी ‘पानी’ होतं. पण प्रमाण हिंदीत ‘ळ’ मुळीच नाही, आणि तिथं ‘पानी’ हाच शिष्ट शब्द आहे. हिंदीत ‘पानी’ म्हणणाऱ्याला कुणी अडाणी म्हणत नाही. तोच उच्चार, तोच माणूस, तोच बाजार. मराठीत बोलला की तो खाली येतो. अहिराणीतलं ‘शे’ हे गुजरातीतल्या ‘छे’चं सख्खं भावंड आहे, ‘मना’, ‘तुना’ मधला ‘ना’ही गुजरातीशी नातं सांगतो. भाषा-अभ्यासक ग्रिअर्सननं १९०७ साली भारताच्या भाषिक पाहणीच्या नवव्या खंडात खानदेशीला मराठीबरोबर न ठेवता भिल्ली भाषांच्या शेजारी ठेवलं. ते बरोबर की चूक यावर अभ्यासक वाद घालतात. पण बिघडलेली मराठी म्हणून तिची बोळवण करण्याइतकी ती साधी खासच नाही. तिला नियम आहेत, रमेश सूर्यवंशींसारख्या अभ्यासकानं सिद्ध केलेला शब्दकोश आहे. दोष उच्चारात असता तर तो सगळीकडे दोषच ठरला असता. ज्या अर्थी तो माणूस पाहून ठरतो, त्या अर्थी तो माणसाच्या पायरीचा आहे.

मग जेवणाचं काय झालं? खानदेशी जेवण गेल्या काही वर्षांत झपाट्यानं वर चढलं. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. थंडीतल्या भरीत-पार्टीला शहरातली माणसं आवर्जून जातात, शेवभाजी पुण्या-मुंबईच्या पाट्यांवर झळकते, खापरावरचे मांडे पाहायला गर्दी होते. एकेकाळी कष्टकऱ्यांची म्हणून बाजूला पडलेली कळण्याची भाकरीही आता कौतुकानं वाढली जाते. याचं कारण असं की पदार्थ विकत घेता येतो. तो करणाऱ्या बाईशी बरोबरीनं बोलावं लागत नाही. बोली मात्र बोलणाऱ्यापासून सुटी करता येत नाही. ती मान्य करायची तर त्या माणसाला शेजारची खुर्ची द्यावी लागते. म्हणूनच बोलीला जिथं शिरकाव मिळाला आहे ती ठिकाणंही पाहण्यासारखी आहेत. लग्नाच्या वरातीत अहिराणी गाणी दणक्यात वाजतात, यूट्यूबवर ती लाखो लोक पाहतात, विनोदी चित्रफितींत अहिराणी हमखास असते. बोलीचे दिवस फिरले, असा पुरावा म्हणून हे सांगितलं जातं, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. तरुणांची लाज थोडी नक्कीच सैल झाली आहे. पण वरातीत नाचलेला तोच तरुण दुसऱ्या दिवशी मुलाखतीला जाताना बोली घरी ठेवून जातो. हसायला आणि नाचायला बोली चालते, निर्णयाच्या टेबलाशी चालत नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण इथं टाळता येत नाही. आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या बाईची गाणी तिच्या पश्चात, १९५२ साली, मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्या खटपटीमुळे पुस्तकरूपानं आली. पुढं बहिणाबाई शाळेच्या पुस्तकांत गेल्या, २०१८ साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. हा सन्मान मोठाच आहे. पण बहिणाबाई ज्या गणबोलीत ओव्या रचत होत्या, त्या बोलीत त्याच विद्यापीठात कुणी तोंडी परीक्षा देऊ लागलं तर परीक्षकाच्या कपाळावर आठी येईल, हे आपण सगळे जाणतो. कवितेतली बोली आपल्याला सोनं वाटते, तोंडातली बोली माती.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो गरिबांच्या बाजूनं घेतला जातो. प्रमाण मराठी आणि इंग्रजी आल्याशिवाय नोकरी नाही, तेव्हा मुलांना बोलीत अडकवणं म्हणजे त्यांना मागं ठेवणं, असं आईबाप म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. “गावठी बोलू नको” म्हणणारी माय मुलाच्या भल्यासाठीच बोलत असते. प्रमाण भाषा शिकलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न इतकाच, की ती मिळवण्यासाठी पहिली टाकावी लागते हे कुणी ठरवलं? दोन-तीन भाषा सहज वापरणं खानदेशात नवं नाही. धुळ्याच्या बाजारपेठेतला माणूस गिऱ्हाइकाप्रमाणे अहिराणी, मराठी, हिंदी बदलतो, मारवाडी आणि सिंधी व्यापाऱ्यांची घरं तर पिढ्यान्‌पिढ्या हे करत आली आहेत, आणि त्यांच्या धंद्याचं त्यात काही बिघडलं नाही. ज्या पोराला पहिल्याच वर्गात आपण चुकीचं बोलतो असं शिकवलं जातं, ते प्रमाण भाषा लवकर शिकत नाही. ते तोंड मिटायला शिकतं.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. अहिराणी सगळ्या खानदेशाची कधी नव्हतीच, असं म्हणतात. खरं आहे. लेवा गणबोली आहे, गुजरी आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर-चोपड्याकडे पावरी आणि भिल्ली आहे. आणि पुणेरी उच्चारापुढं संकोचणारा अहिराणी माणूस भिल्ली बोलणाऱ्या मजुराशी नेमका तोच वरचा सूर लावतो, जो त्याला स्वतःला जाचतो. जातीची उतरंड बोलीत अशी घट्ट बसली आहे. त्यामुळे फक्त अहिराणीचा झेंडा उभारून हा प्रश्न सुटणार नाही; आपल्या खालच्या पायरीवरच्या माणसाशी आपण कसं बोलतो, तेही त्याच हिशेबात धरावं लागेल.

या लाजेचा एक आकडाही आहे. २००१ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ मध्ये ते १८ लाख ६० हजारांवर आले. त्याच दहा वर्षांत जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मात्र वाढली. दोन लाख माणसं दहा वर्षांत आपली बोली विसरत नाहीत. नोंदीच्या पद्धतीतल्या फरकानंही आकडे हलतात, पण सांगणाऱ्याचा संकोच त्यात नाही असं मानणं कठीण आहे. जनगणनेचा प्रगणक बहुधा जवळपासच्या शाळेतला शिक्षक असतो, म्हणजे बऱ्याचदा तोही याच मातीतला. साक्री किंवा पारोळ्याच्या एखाद्या दारात तो उभा राहतो आणि प्रमाण मराठीत विचारतो, “तुमची मातृभाषा कोणती?” आतून चुलीपाशी चाललेलं अहिराणीतलं बोलणं दोघांनाही ऐकू येत असतं. घरधनी सदरा सारखा करतो आणि सांगतो, “मराठी.” प्रगणक तसं लिहून घेतो.