‘व्हेग’चा देखणा भाऊ

असाइनमेंट परत आली की समासात लाल शाईनं लिहिलेलं ‘व्हेग’ तुम्हीही कधीतरी पाहिलं असेल. म्हणजे काय, तर मोघम. पानं भरलीत, पण मुद्दा गायब! याच शब्दाचा सख्खा भाऊ इटलीत आहे आणि तिथल्या कवितेत तो चक्क ‘सुंदर’ म्हणून मिरवतो. त्याचं नाव ‘वागो’.

दोघांचं मूळ एकच. लॅटिनमधला ‘वागुस’, म्हणजे भटका. ‘व्हॅगाबाँड’ त्याच घरातला. मेंदूपासून निघून मान, छाती करत थेट पोटापर्यंत हिंडणाऱ्या ‘व्हेगस’ नर्व्हचं नावही तिथलंच.

इटालियनमध्ये या शब्दानं भटकत भटकत अर्थ गोळा केले. एक, भटकणारा. दुसरा, ज्याचं मन कशाकडे तरी ओढ घेतंय तो, आसुसलेला. तिसरा, जे मनाला ओढ लावतं ते, मोहक. आणि जे एका जागी ठरत नाही ते, अस्पष्ट. आज रोजच्या बोलण्यात हा शेवटचाच जास्त चालतो; ‘मोहक’ राहिलाय साहित्यात.

जाकोमो लेओपार्दी (१७९८-१८३७) या कवीचा हा लाडका शब्द. एका कवितेत सप्तर्षींच्या ताऱ्यांना हाक मारताना त्यानं हेच विशेषण लावलं. त्याची साडेचार हजारांहून जास्त पानांची एक वही आहे, ‘झिबाल्दोने’. त्यात तो म्हणतो ते साधारण असं : जे पूर्ण दिसत नाही, ते कल्पनाशक्ती पूर्ण करते. म्हणून दूरचं, अंधुक आपल्याला गोड वाटतं.

मग मोघम उत्तर लिहून ‘सर, हे वागो आहे’ म्हणायचं? थांबा! इटालो काल्विनो या लेखकानं १९८५मध्ये हार्वर्डसाठी व्याख्यानं लिहिली. ती देण्याआधीच तो गेला. त्यातल्या अचूकतेवरच्या व्याख्यानात त्यानं साक्षीला बोलावलं ते लेओपार्दीलाच. कारण ही धूसर मजा पकडायला लेओपार्दी किती बारकाईनं बघतो! ऊन थेट येतंय की पानांतून झिरपून, कुठल्या भिंतीवरून परततंय, सगळं टिपतो.

तेव्हा पुढच्या वेळी लाल शेरा दिसला, की स्वतःला एकच विचारा : मी नीट बघून धूसर ठेवलं, की बघितलंच नव्हतं? पहिलं असेल तर ‘वागो’. दुसरं असेल तर सर बरोबर आहेत.