कूलर नागपुरात गार, मुंबईत का नाही?

वैशाखात नागपूर-अकोल्याकडे घरोघरी कूलरची घरघर सुरू असते. तोच कूलर मुंबईत लावला, तर अंग नुसते चिकचिकते. यंत्र तेच, पाणीही तेच. मग फरक कशाचा? शिक्षकमित्र आम्हांला हा प्रश्न नेहमी विचारतात.

उत्तर वर्गातच शोधता येईल. सारखे दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओले सुती फडके गुंडाळा आणि दोघांनाही वहीने वारा घाला. काही मिनिटांत ओला तापमापक खाली उतरून एका जागी थांबेल. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती फडक्यातून व भोवतालच्या हवेतून घेतली जाते. एक लिटर पाणी वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषते.

ओला तापमापक जिथे थांबतो, ती कूलरची लक्ष्मणरेषा. हवा ४३ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर तो सुमारे २५ अंश दाखवतो. हा फरक १८ अंशांचा. चांगला कूलर त्यातला पाऊण हिस्सा मिळवतो. म्हणजे हवा ३० अंशांच्या आसपास येते. पण हवा ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर फरक जेमतेम ५ अंशांचा. त्यात कूलर आणखी ओलावा सोडतो, मग घामही वाळत नाही.

म्हणूनच कूलर लावून खिडक्या गच्च बंद करणे चूक. ओलसर हवा कोंडते आणि गारवा संपतो. कूलरने बाहेरची कोरडी हवा ओढावी आणि समोरची खिडकी किलकिली असावी. किनारपट्टीवर मात्र ऊन अडवणे आणि वारा खेळता ठेवणे हाच उपाय. रुंद पडव्या आणि समोरासमोरच्या खिडक्या हेच काम करतात.

घरगुती कूलरला साधारण २०० वॅट वीज पुरते. दीड टनाच्या एअर कंडिशनरला सुमारे १५०० वॅट लागते. पण कूलर पाणी पितो, आणि मे महिन्यात अनेक गावांत पाणी टँकरने येते. तेव्हा आधी उष्णता आत येऊच देऊ नये. पत्र्याला किंवा गच्चीला पांढरा रंग दिला, तर बरेचसे ऊन वरच्या वर परत जाते. पत्र्याखाली भरणाऱ्या वर्गाला हा उपाय सर्वांत आधी हवा.

आठवडाभर मुलांना दोन्ही तापमापकांची नोंद ठेवू द्या. आपल्या गावाला कोणता उपाय लागू पडेल, हे तीच सांगतील.