लॅक्टिक ॲसिड केव्हाच निघून गेलेलं असतं

सिंहगड चढून-उतरून आलं की दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात. जिना उतरताना कठडा घट्ट पकडून एकेक पायरी टाकावी लागते. कारण कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘लॅक्टिक ॲसिड साठलंय.’ रनिंग ग्रुपवर हेच ऐकू येतं, जिमचा ट्रेनर हेच सांगतो, शनिवारी रात्री टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळणारेही हेच म्हणतात. मॅरेथॉनचं बिब घ्यायला एक्स्पोत जावं, तर मसाज गनच्या स्टॉलवरही हेच. खरा राग येतो तो त्यापुढच्या वाक्याचा: ‘ते बाहेर काढायला हवं.’ मग काढायला काय काय लागतं? मसाज गन, हवा भरून पाय दाबणारे लांब बूट, बर्फाचा टब, घट्ट कम्प्रेशन मोजे. जे साठलेलंच नाही ते काढायला लोक हजारो रुपये घालवतात.

आधी वेळेचा हिशोब बघू. दमछाक करणारा व्यायाम केला की रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप, वाढतं, हे खरं. पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते जवळपास नेहमीच्या पातळीवर येतं, आणि हलकं चालत राहिलं तर त्याहूनही लवकर. गडावर पिठलं-भाकरी खाऊन ताक पिऊन होईपर्यंत चढताना वाढलेलं लॅक्टेट बरंचसं ओसरलेलं असतं. दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होतं, चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं आणि पाच-सात दिवसांत जातं. तासाभरात नाहीशी होणारी गोष्ट परवाच्या दुखण्याला कारण कशी असेल?

शिवाय लॅक्टेट हा कचरा नाहीच. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, कमी काम करणारे स्नायूही जाळतात, आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्स यांनी १९८०च्या दशकापासून हे पुन:पुन्हा दाखवून दिलं आहे. शरीर जे स्वतःच वापरून टाकतं, ते दाबून, चोळून किंवा गोठवून बाहेर काढायची गरज कुणाला?

हा समज आला कुठून, तेही सांगायला हवं, कारण त्याची सुरुवात चांगल्या विज्ञानातूनच झाली. बेडकाचा कापून वेगळा केलेला स्नायू विजेचे झटके देऊन आकुंचित करत राहिलं की त्यात लॅक्टिक ॲसिड साठतं आणि शेवटी स्नायू थकतो, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसून आलं. स्नायूंतली उष्णता आणि लॅक्टिक ॲसिड यांवरच्या कामासाठी आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना १९२२चं नोबेल मिळालं. पण कापलेल्या स्नायूत रक्त वाहत नाही, तिथे साठलेलं जायचं कुठे? जिवंत, चालत्याफिरत्या माणसात तसं होत नाही. प्रयोगशाळेतल्या थकव्याचं स्पष्टीकरण पुढे दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यालाही चिकटवलं गेलं, आणि ते आजतागायत निघालेलं नाही. खरं तर त्याआधीच, १९०२मध्ये, थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने असं उशिरा येणारं दुखणं स्नायूच्या आत होणाऱ्या बारीक फाटण्यामुळे असावं, असं लिहून ठेवलं होतं.

यावरही कुणाचं समाधान झालं नाही तर १९८३चा एक प्रयोग आहे. त्यात माणसांना ट्रेडमिलवर पंचेचाळीस मिनिटं पळवलं, एकदा सपाटीवर आणि एकदा उतारावर. सपाटीवर पळताना लॅक्टिक ॲसिड वाढलं, पण नंतर दुखलं नाही. उतारावर ते वाढलंच नाही, आणि पुढचे दोन-तीन दिवस पाय चांगलेच दुखले. ज्याच्यावर आरोप, तो जिथे हजर होता तिथे काही घडलं नाही, आणि जिथे घडलं तिथे तो नव्हता. चाळीस वर्षं झाली या निष्कर्षाला. तरी ट्रेनिंगचे कोर्स केलेले लोकही तेच जुनं सांगतात, हे पाहून वाईट वाटतं.

मग दुखतं कशाने? पायरी उतरताना मांडीचा पुढचा स्नायू नीट पाहा. वरचा पाय गुडघ्यात वाकत जातो, म्हणजे मांडीचा स्नायू लांबत जातो; पण त्याच वेळी तो जोर लावून धरतही असतो, नाहीतर आपण धाडकन खाली जाऊ. जड बादली विहिरीत सोडताना दोर हातातून सावकाश सुटू द्यावा लागतो, तसं. ताण असतानाच लांबण्याच्या या कामात स्नायूच्या तंतूंमधली अगदी सूक्ष्म रचना जागोजाग विस्कटते. मग तिथे दाह होतो, थोडी सूज येते, आजूबाजूच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढते, आणि या सगळ्याला काही तास जावे लागतात. म्हणून आज उतरलो आणि उद्या दुखलं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना श्वास फुलतो, लॅक्टेट वाढतं ते तिथे. पण सोमवारी खुर्चीवरून उठू देत नाही तो परतीचा उतार, आणि बरेच जण नेमका उतारावरच वेळ भरून काढायला जोरात पळतात.

यावर शरीराने स्वतःच एक उपाय ठेवला आहे, आणि त्याला दमडीही पडत नाही. एकदा थोडा उतार पळालात, की पुढचे काही आठवडे तसाच उतार बराच कमी दुखतो. स्नायू दुरुस्त होताना त्या कामासाठी तयार होतो. साताऱ्याला जायचं असेल तर दोन-तीन आठवडे आधी जवळच्या एखाद्या टेकडीवरून थोडं थोडं उतरत पळा. विकत आणलेल्या कुठल्याही यंत्रापेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

यंत्रांबद्दल सरसकट वाईट बोलणंही खोटेपणा होईल. मालिशने बरं वाटतं, आणि ते नुसतं मनाचं नाही. २०१८मध्ये नव्याण्णव अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात दुखणं आणि थकवा कमी करण्यात मालिश सर्वांत पुढे होती. पण ती ॲसिड काढते म्हणून नव्हे. कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात २०१०मध्ये हे मोजलं, तर चोळल्यामुळे स्नायूचा रक्तपुरवठा उलट अडला आणि लॅक्टिक ॲसिड जायला अडथळाच झाला. म्हणजे फायदा खरा, कारण खोटं. हाताने तेल लावून चोळलंत तरी चालेल. गन हवीच असं नाही.

बर्फाच्या टबाची गोष्ट जास्त गंभीर आहे. थंड पाण्यात बसल्याने दुखणं थोडं कमी जाणवतं, याला पुरावा आहे. पण २०१५च्या एका अभ्यासात एकवीस पुरुषांनी बारा आठवडे वजनं उचलली. निम्मे जण प्रत्येक व्यायामानंतर दहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटं बसत, बाकीचे हलकी सायकल चालवत. शेवटी थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद, दोन्ही कमी वाढले. दाह हा दुरुस्तीचाच भाग असतो. तो दाबला की वाढही दबत असावी, असा एक तर्क आहे. आता दुसरा अभ्यास, मेलबर्नचा, २०१४चा. त्यात जोरदार व्यायामानंतर काहींना कोमट पाण्याच्या टबात बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यात एक द्रव ओतला. हे खास ‘रिकव्हरी ऑइल’ आहे, असं सांगितलं. प्रत्यक्षात तो त्वचा धुवायचा साधा साबण होता. त्यांची ताकद बर्फाच्या पाण्यात बसलेल्यांइतकीच परत आली.

एका दिवसात दोन सामने खेळणाऱ्या किंवा उद्या सकाळी पुन्हा मैदानात उतरणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला बर्फाचा टब उपयोगी पडू शकतो. त्याला आजची रात्र निभावायची असते. आपण रविवारी खेळतो आणि पुढच्या रविवारी खेळतो. मधले सहा दिवस हीच आपली सर्वांत मोठी सोय आहे, आणि झोप त्यातली सर्वांत मोठी. मुलाच्या क्रिकेट अकादमीने सांगितलं म्हणून बारा वर्षांच्या पोराला बर्फात बसवणाऱ्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका.

बाकीच्या समजांना एवढी जागा देत नाही. व्यायामाआधी किंवा नंतर स्नायू ताणून धरल्याने दुसऱ्या दिवशीचं दुखणं कमी होतं, हे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०११च्या आढाव्यात टिकलं नाही. फरक पडला तो शंभरात जेमतेम एखाद्या गुणाचा. कार्बन प्लेटच्या बुटांनी चार टक्के ऊर्जा वाचते, हा आकडा ताशी चौदा ते अठरा किलोमीटरने धावणाऱ्या निष्णात धावपटूंचा आहे. ताशी दहाच्या वेगाला २०२३च्या अभ्यासात सरासरी फायदा एक टक्क्याच्या आसपासच निघाला. पावलाची कमान बघून बूट निवडले की दुखापत टळते, हे अमेरिकी सैन्याने हजारो भरतीवाल्यांवर करून पाहिलं, दुखापती कमी झाल्या नाहीत. पायाला सुखावह वाटतील ते बूट घ्या. स्नायूंवर चिकटवायची रंगीत किनेसिओ टेप २००८च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर घरोघरी पोचली, पुरावा मात्र तिच्यामागे पोचला नाही. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर तेरा टक्क्यांत सोडियम कमी होतं. कारण होतं जास्त पिणं, आणि पाणी प्यायले की स्पोर्ट्स ड्रिंक, याने फरक पडला नाही. तहान लागेल तेवढंच प्या. शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेणं तर बंदच करा. घाम गाळणाऱ्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणते.

आणि एक साधन, ज्याची जाहिरात कुणी करत नाही: घोट्याचा लेस बांधायचा ब्रेस. अमेरिकेतल्या शाळकरी बास्केटबॉलपटूंवरच्या २०११च्या मोठ्या अभ्यासात त्याने घोट्याच्या दुखापती जवळपास एकतृतीयांशावर आणल्या. बॅडमिंटन किंवा व्हॉलीबॉल खेळताना घोटा एकदा मुरगळला असेल तर पैसे यावर घाला.

साधं दुखणं आणि धोक्याचं दुखणं यांतला फरकही माहीत हवा. उशिरा येणारं दुखणं दोन्ही पायांत सारखं असतं, दाबल्यावर किंवा हलवल्यावर जाणवतं आणि चालत राहिलं की सैल होतं. एकाच जागी टोचणारं, सांध्यात असलेलं किंवा आठवडाभरातही न उतरणारं दुखणं वेगळं, ते डॉक्टरांना दाखवा. आणि फार अंगमेहनतीनंतर स्नायू प्रचंड सुजले, लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायूंचे तुकडे रक्तात उतरून मूत्रपिंडं अडत असण्याची शक्यता असते. तेव्हा मसाज गन नको, बर्फ नको, सकाळची वाटही नको. त्याच वेळी रुग्णालय गाठा.