दुसरी गिटार कोणती?

अकूस्टिक गिटारींचा खासगी संग्रह करणाऱ्यांची चूक पहिल्या गिटारीच्या निवडीत क्वचितच होते. ती होते दुसऱ्या गिटारीच्या वेळी. पहिली गिटार परवडेल ती, जवळच्या दुकानात असेल ती किंवा शिकवणाऱ्याने सुचवलेली असते आणि तिच्यावर हात बसला की तिचे गुणदोषही अंगवळणी पडतात. दुसरी घेताना हाताशी थोडे अधिक पैसे असतात, कोणता नामवंत वादक कोणत्या कंपनीची गिटार वाजवतो हे पाठ झालेले असते, आणि मग पहिलीच्याच आकाराची, तितक्याच लांबीच्या तारांची, पण डोक्यावर अधिक वजनदार नाव असलेली गिटार घरात येते. पैसे दुप्पट-तिप्पट खर्च होतात आणि वाजवायला नवे असे काही मिळत नाही.

याचा अर्थ कंपनीचे नाव निरर्थक असते असा नव्हे. विजेच्या मदतीशिवाय केवळ पोकळ लाकडी पेटीच्या कंपनांवर बोलणाऱ्या या वाद्यात प्रत्येक जुन्या कंपनीने काही निर्णय फार पूर्वी घेतलेले आहेत, आणि पेटीचा आकार, तारेची लांबी व पेटीच्या आतली पट्ट्यांची मांडणी हे त्यांतले मुख्य होत. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसवलेल्या दर्शनी फळीला तबली म्हणतात. गिटारीच्या पेटीच्या दर्शनी फळीलाही तोच शब्द चपखल बसतो. ही तबली बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाची आणि जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते, आणि स्टीलच्या सहा तारांचा मिळून सुमारे ७० किलोंचा ताण तिला रात्रंदिवस सोसावा लागतो. ती वाकू नये म्हणून आतून पट्ट्या चिकटवाव्या लागतात, आणि पट्ट्या जास्त झाल्या की ती बोलेनाशी होते. या ओढाताणीत कोणी कुठे तडजोड केली, यावरच त्या त्या नावाचा आवाज ठरलेला आहे.

अमेरिकेतल्या गिटार-कारखान्यांत मार्टिन सर्वांत जुना. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्खेन गावचा ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन १८३३ साली न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांतच पेन्सिल्वेनियातील नाझरेथला जाऊन स्थिरावला. कारखाना अजून त्याच गावी आहे आणि मालकी त्याच घराण्याकडे आहे. १८४०च्या दशकात मार्टिनच्या गिटारींत तबलीच्या आतल्या दोन मुख्य पट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदू लागल्या. एक्स-ब्रेसिंग नावाने ओळखली जाणारी ही मांडणी आतड्याच्या तारांच्या काळातली असली, तरी पुढे स्टीलच्या तारांचा ताण पेलायला तीच सर्वांत योग्य ठरली आणि जवळजवळ सर्वांनी ती उचलली. १९१६ साली मार्टिनने बॉस्टनच्या ऑलिव्हर डिटसन या वाद्यविक्रेत्यांसाठी रुंद खांद्यांची, कंबरेत फारशी न आवळलेली एक मोठी गिटार बनवली. तिला ब्रिटिश नौदलाच्या १९०६ सालच्या युद्धनौकेवरून ड्रेडनॉट हे नाव मिळाले. १९३१पासून हा आकार मार्टिनच्या स्वतःच्या नावाने विकला जाऊ लागला, आणि आज कोणत्याही दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या गिटारींत, मग त्या कोणत्याही कंपनीच्या असोत, त्याचीच गर्दी असते. पेटीतली हवा जास्त असल्याने खर्ज भरदार लागतो आणि सगळ्या तारा एकदम छेडल्या तर आवाज खोलीभर होतो. एकेक तार बोटांनी वेचून वाजवणाऱ्याला मात्र तोच खर्ज अंगावर येतो. त्यासाठी १९२९ सालापासून मार्टिनकडेच ओएम नावाची लहान पेटीची गिटार आहे. तिच्या तारांची लांबी ड्रेडनॉटइतकीच असते, पण सहाही तारा एकमेकींना न दडपता ऐकू येतात.

गिब्सनचा निर्णय वेगळा होता. मिशिगनमधील कालामाझूच्या कारखान्यातून १९४२ साली बाहेर पडलेली जे-४५ ही पेटीच्या आकाराने ड्रेडनॉटच्या जवळची असली, तरी तिचे खांदे गोल उतरते आहेत आणि तिचे स्केल आखूड आहे. स्केल म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, अर्थात डोक्याजवळच्या नट नावाच्या खाचपट्टीपासून घोडीवरच्या सॅडल या हाडाच्या पट्टीपर्यंतचे अंतर. मार्टिनच्या ड्रेडनॉटमध्ये ते २५.४ इंच, तर जे-४५मध्ये २४.७५ इंच धरले जाते. फरक पाऊण इंचाहूनही कमी. पण त्याच जाडीची तार त्याच स्वराला लावायची तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून जे-४५च्या तारा सुमारे पाच टक्के सैल असतात. बोटाला हा फरक पहिल्या मिनिटातच कळतो. तार ओढून स्वर चढवणे सोपे जाते आणि आवाज रेंगाळण्याऐवजी ठोस उमटून लवकर विरतो. ऐकायला हा उणेपणा वाटेल, पण गाणाऱ्याच्या साथीला हीच गिटार बरी, कारण शब्द उच्चारले जाईपर्यंत ती वाटेतून बाजूला झालेली असते.

टेलर आणि यामाहा यांची गोष्ट आवाजापेक्षा बांधणीची अधिक आहे. कॅलिफोर्नियात १९७४ साली सुरू झालेल्या टेलर कंपनीने नेक, म्हणजे तारा दाबण्याचा लांब दांडा, पेटीला बोल्टने जोडला आणि १९९९ साली ती जोडणी इतकी सुटसुटीत केली की पातळ चकत्या बदलून दांड्याचा कोन थोड्या वेळात सुधारता येतो. मार्टिनच्या परंपरागत गिटारीत हा दांडा खाचेत सरसाने बसवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या ताणाने पेटी किंचित पुढे झुकली की तो वाफ देऊन सोडवावा लागतो, आणि हे काम करणारे हात आपल्याकडे मोजकेच आहेत. वीस वर्षे गिटार जवळ ठेवायची असेल त्याने हा हिशेब आधीच केलेला बरा. यामाहाची सुरुवात १८८७ साली ऑर्गनपासून झाली, म्हणजे संगीत नाटकांच्या साथीला असे त्याच जातीच्या वाद्यापासून. तिची एफजी-१८० ही गिटार १९६६ साली आली. पियानोपासून बासरीपर्यंत सर्व काही बनवणाऱ्या कारखान्याची शिस्त तिच्या स्वस्त गिटारींतही दिसते. मार्टिनच्या डी-२८ या एका ड्रेडनॉटच्या किमतीत यामाहाच्या एफजी-८००सारख्या निदान दहा गिटारी येतात, आणि त्या दहाही एकसारख्या निघण्याचा संभव दांडगा असतो.

लाकडाबद्दल सर्वाधिक बोलले जाते आणि सर्वाधिक पैसाही तिथेच जातो. मार्टिनच्या डी-१८ची पाठ आणि बाजू महोगनीच्या, तर डी-२८च्या शिसवाच्या असतात. हा शिसव १९६९पर्यंत ब्राझीलचा असे. त्यानंतर त्याची जागा भारतीय शिसवाने घेतली, म्हणजे सह्याद्रीत वाढणाऱ्या आणि जुन्या वाड्यांतले पलंग व कपाटे ज्याची असत त्याच लाकडाने. ब्राझीलच्या शिसवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२पासून बंद झाल्यामुळे त्याच्या जुन्या गिटारींना सोन्याचा भाव आला. २०१७च्या आरंभी शिसवाच्या संपूर्ण कुळावरच परवान्याची अट आली आणि २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांपुरती ती सैल झाली. इतक्या उठाठेवीचे ध्वनीच्या दृष्टीने फळ काय, याचा एक शोध इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. पाठ आणि बाजूंचे लाकूड तेवढे वेगळे, बाकी सर्व सारख्या अशा सहा गिटारी त्यांनी बनवून घेतल्या आणि अंधूक खोलीत, डोळ्यांवर गडद चष्मे चढवून ५२ वादकांना वाजवायला दिल्या. वादकांनी दिलेल्या गुणांत सहा गिटारींमध्ये फारसा फरक पडला नाही. यावरून लाकडाला काहीच अर्थ नाही असे ठरत नाही, कारण तबलीचे लाकूड त्या प्रयोगात बदललेले नव्हते. पण केवळ पाठीच्या लाकडासाठी डी-१८च्या शेजारी डी-२८ आणून ठेवणे ही हौस आहे, गरज नव्हे, एवढे नक्की म्हणता येते. तेवढ्याच पैशात आकार किंवा स्केल बदलले तर कानाला आणि हाताला खरोखर दुसरे वाद्य मिळते.

नावावर विसंबण्यात आणखी एक फसगत आहे. मार्टिनच्या स्वस्त मालिका मेक्सिकोत बनतात आणि त्यांतल्या काहींची पेटी लाकडाची नसून राळेत दाबलेल्या कागदाच्या थरांची असते. टेलरच्या मेक्सिकोत बनणाऱ्या काही गिटारींची पाठ थर चिकटवलेल्या लाकडाची असते. यात लपवाछपवी नाही, माहितीपत्रकात सर्व लिहिलेले असते. तरीही घेणारा डोक्यावरची अक्षरे वाचून थांबतो.

म्हणून गिटार पाहायची ती उजेडात आणि डोक्याकडून नव्हे तर पोटाकडून. तबलीच्या मधल्या गोल छिद्राची कड जवळून पाहिली तर वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसतात. तसे असेल तर फळी अखंड लाकडाची, आणि कडेत आडवे थर दिसले तर ती प्लायची. छिद्रातून आत डोकावून पाठीच्या आतल्या रेषा बाहेरच्या रेषांशी जुळवून पाहिल्या की पाठीचेही गुपित फुटते. जुनी गिटार असेल तर घोडीच्या मागच्या कडेखाली साध्या कागदाचे टोक सारून बघावे. ते आत शिरले तर सरस सुटू लागला आहे. घोडीमागे तबलीला थोडा फुगवटा असणे स्वाभाविक आहे, पण घोडीपुढे खड्डा पडलेला असेल तर आतल्या पट्ट्या सैल झाल्याची शंका घ्यावी. मग लांब, सरळ पोलादी पट्टी फ्रेटवर, म्हणजे सतारीच्या पडद्याचे काम करणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, उभी धरून घोडीपर्यंत न्यावी. तिचे टोक घोडीच्या माथ्याला टेकावे किंवा किंचित वरून जावे. ते घोडीच्या पुढच्या भिंतीला खालीच धडकत असेल तर दांड्याचा कोन बिघडलेला आहे. सॅडल आधीच घासून खुजे केलेले असेल, तर तो बिघाड कोणीतरी झाकून ठेवला आहे असे समजावे. शेवटी बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजावी. सर्वांत जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखाली दोनच्या आतबाहेर अंतर असले की हाताला त्रास होत नाही.

वाजवून पाहताना प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून एकदा छेडावी. तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली सूत सारून जी झणझणती जवारी मुद्दाम साधली जाते, तीच गिटारीत दोष ठरते. एखाद्याच जागी झणझण येत असेल तर तिथला फ्रेट उंचसखल आहे. दोन गिटारींची तुलना करायची तर दोघींच्या तारा सारख्याच नव्या असल्या पाहिजेत, नाहीतर चकाकणाऱ्या नव्या तारांची साधारण गिटार गंजलेल्या तारांच्या चांगल्या गिटारीला सहज मागे टाकते आणि पैसे तारांना मोजले जातात. वाजवणाऱ्याच्या कानाला पेटीचा आवाज बाजूने येतो, समोर बसलेल्याला तो वेगळा लागतो. म्हणून दुसऱ्याच्या हाती गिटार देऊन सात-आठ फुटांवर पाठमोरे बसून ऐकावे, म्हणजे डोक्यावरचे नावही दिसत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या दोन गिटारींतही अशा वेळी फरक सापडतो, आणि तो कधी कधी दोन कंपन्यांमधल्या फरकाहून मोठा असतो.

अखंड लाकडाच्या गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेची हवा मानवते, आणि मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ती हवेत मिळणे अशक्य असते. तबली दमट हवेने फुगते, तारा वर उचलल्या जातात, आवाज बसका होतो. उलट विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत तीच तबली आकसते, फ्रेटची टोके दांड्याच्या कडेला बोचू लागतात आणि दुर्लक्ष झाले तर फळीला चीर जाते. अखंड लाकडाची प्रत्येक गिटार म्हणजे एक पेटी, एक आर्द्रतामापक, ओलावा शोषणाऱ्या व सोडणाऱ्या पुड्या आणि त्या पाहण्याची सवय, एवढा संसार असतो. प्लायच्या पेटीची गिटार आवाजाने थोडी उणी असली तरी हे ऋतू बरेच निमूटपणे सोसते, म्हणून कोकणातल्या संग्रहात रोज हाताळायला, भिंतीवर उघडी टांगायला अशी एक असणे शहाणपणाचे आहे. तिच्या जोडीला अखंड लाकडाची, वेगळ्या आकाराची आणि शक्य तर वेगळ्या स्केलची एक गिटार पुरे. त्या पेटीतला आर्द्रतामापक जुलै-ऑगस्टभर साठाच्या खाली राखता आला, तरच तिसरीसाठी दुकानाची पायरी चढावी.