अल्पसंख्याक दर्जा आणि शाळेचा सेवकवर्ग

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आपल्या समाजातील मंडळींनी चालविलेली एक शिक्षणसंस्था आहे. तिचे हिशेब पाहून द्यावेत, अशी विनंती आल्यामुळे एप्रिल २०२३ मध्ये तिच्या कार्यकारिणीच्या बैठकीस मी उपस्थित होतो. बैठक आडतीच्या दुकानातील गादीवर, सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी उरकून भरली. जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० मार्च असा सात दिवस चाललेला राज्यव्यापी संप नुकताच मिटला होता व त्याची कटुता शाळेत अद्याप होती. पाच विषय दहा मिनिटांत संपले. उरलेला दीड तास शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी संघटनेच्या एका निवेदनावर गेला.

मागण्या तीन होत्या. सेवाज्येष्ठता यादी प्रसिद्ध करावी. विनाअनुदानित तुकड्यांवरील चार शिक्षकांचे सहा महिन्यांचे थकलेले वेतन द्यावे. आणि इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित विभागातून वीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झालेल्या शिक्षिकेस ग्रॅच्युइटी द्यावी. अध्यक्ष म्हणाले, ‘‘आपण आता अल्पसंख्याक आहोत. हे कायदे आपल्याला लागू नाहीत.’’ कोणी प्रतिवाद केला नाही. मीही केला नाही, कारण मला ठाऊक नव्हते. घरी येऊन कायदा वाचला आणि चकित झालो.

२७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, हे खरे. परंतु महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम, जो १५ जुलै १९८१ पासून अंमलात आहे, तो शाळा अनुदानित की विनाअनुदानित हा भेद करीत नाही. अल्पसंख्याक शाळेस त्याच्या कलम ३ मध्ये सवलत आहे, ती एवढीच: मुख्याध्यापक आणि ज्यांची नावे संस्थेने शिक्षण खात्यास कळविली आहेत असे आणखी फार तर तीन कर्मचारी, यांच्या निवडीस हा कायदा लागू नाही. बाकीच्या सर्व सेवकवर्गास तो जसाच्या तसा लागू आहे.

हा वाद नवा नाही. दिल्लीतील फ्रँक अँथनी पब्लिक स्कूल ही अँग्लो-इंडियन समाजाची अल्पसंख्याक शाळा. तिच्या कर्मचाऱ्यांची संघटना शासकीय शाळांइतके वेतन मागत सर्वोच्च न्यायालयात गेली. दिल्लीच्या कायद्याने अल्पसंख्याक शाळांना सेवाशर्तींच्या प्रकरणातून वगळले होते. ते वगळणे, एका तरतुदीचा अपवाद करून, न्यायालयाने १९८६ मध्ये भेदभावकारक ठरविले. आपली शाळा आपल्या पद्धतीने चालविण्याचा हक्क घटनेने दिला आहे. शिक्षकास कमी पगार देण्याचा हक्क त्यात येत नाही.

आपल्या व्यापारी मनाला हे पटावयास जड जाते, आणि त्याचे कारणही आहे. पेढीवर जो मुनीम नेमतो तोच त्याला पगार देतो. अनुदानित शाळेत नेमणूक संस्थेची, पगार मात्र शासनाचा, आणि तो थेट शिक्षकाच्या बँक खात्यात. संस्थेच्या हाती उरते ती नेमणुकीची सही. जिथे सहीखेरीज काही उरत नाही, तिथे सहीलाच किंमत येते. पगाराच्या दिवशी शिक्षकांनी ठरावीक रक्कम काढावी आणि बाकावर बसलेल्या एका गृहस्थाच्या हाती द्यावी, हे दृश्य मी माझ्या नोकरीच्या काळात काउंटरमागून पाहिले आहे. शाखा कोणती व शाळा कोणती, ते सांगत नाही. २०१७ मध्ये शासनाने ‘पवित्र’ पोर्टल आणून शिक्षकभरती परीक्षेच्या गुणांशी बांधली, तेव्हा संस्थाचालकांनी आपली स्वायत्तता गेली म्हणून ओरड केली. ती कशामुळे गेली, हे त्या बाकावरच्या गृहस्थास विचारावे.

अधिनियमाच्या सातव्या कलमात एक मजेशीर तरतूद आहे. राजीनामा देणाऱ्या कर्मचाऱ्याने तो दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही व तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेस पाठवावी आणि दुसरी स्वतःपाशी ठेवावी. इतका बारीक तपशील कायद्यात कशाला? कोऱ्या धनादेशावर कर्जदाराची सही घेऊन ठेवणारे सावकार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना उत्तर सांगावे लागणार नाही.

शाळेतील शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात दिला. म्हणून बडतर्फी, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलले जाणे यांविरुद्ध त्याला शाळा न्यायाधिकरणाकडेच जावे लागते, तेही तीस दिवसांत. न्यायाधिकरण त्यास पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देऊ शकते. आणि थकीत रक्कम संस्थेच्या अनुदानातून परस्पर कापून द्यावी, अशी शिफारस शासनास करू शकते. चौकशीही मालकी थाटाची चालत नाही. समितीतील तिघांपैकी एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने निवडलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या सूचीतून असतो.

थकलेल्या वेतनाची गोष्ट अधिक दुःखाची. २००१ मध्ये शासनाने ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानग्या देण्याचे धोरण आणले. ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला, तरी अनुदानाचा पहिला वीस टक्क्यांचा हप्ता मंजूर होण्यास २०१६ उजाडले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला औरंगाबादेत मंत्रिमंडळाची बैठक असताना विनाअनुदानित शिक्षकांच्या मोर्चावर लाठीमार झाला. मराठवाड्यातील कित्येक तरुणांची उमेदीची वर्षे या प्रतीक्षेत सरली. दुपारपर्यंत वर्गावर आणि नंतर घरच्या शेतावर, असे शिक्षक माझ्या खातेदारांत होते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन आहेत. प्रवचनात ते बैलाच्या उदाहरणाने समजावून दिले जातात. सहा महिने वेतनाविना शिकविणाऱ्या मनुष्यास ते लागू पडत नाहीत, असे कोणत्याही टीकेत माझ्या वाचनात आलेले नाही.

संस्थाचालकांचीही बाजू आहे, आणि ती दुबळी नाही. वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, पंचवीस टक्के मोफत प्रवेशांची प्रतिपूर्ती रखडते. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतील शिपायांची पदे व्यपगत करून त्यांच्या जागी केवळ भत्ता ठेवला. तेवढ्या पैशांत पूर्णवेळ मनुष्य मिळत नाही. संघटनाही निर्दोष नाही. तिचे पुढारी बहुधा पूर्ण पगाराचे शिक्षक. विनाअनुदानित सहकाऱ्यांचा प्रश्न निवेदनात दुसऱ्या क्रमांकावर येतो आणि तडजोडीच्या वेळी सर्वप्रथम सोडला जातो. नेमणुकीच्या ‘देणगी’विषयी तर दोन्ही बाजू सारख्याच मौनात असतात.

ग्रॅच्युइटीचे गणित माझ्या आवडीचे. शिक्षक हा त्या कायद्याखाली ‘कर्मचारी’ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटले होते, आणि अध्यक्षांच्या स्मरणात तेवढेच राहिले होते. संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना त्यात आणले. ती दुरुस्ती २९ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयाने वैध ठरविली. त्या बाईंचे अखेरचे वेतन सव्वीस हजार. त्यास सव्वीसने भागून पंधराने गुणले की पंधरा हजार, आणि सेवा वीस वर्षांची. म्हणजे तीन लाख रुपये.

पुढील बैठकीत हे सर्व मी वाचून दाखविले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अध्यक्षांनी विचारले, ‘‘इमारत निधीची मुदतठेव आज मोडली तर व्याज किती बुडेल?’’ मी तिथेच आकडा काढून दिला. बाईंना धनादेश त्याच आठवड्यात गेला. चार शिक्षकांचे थकीत वेतन तीन हप्त्यांत देण्याचे ठरले व दिले गेले.

सेवाज्येष्ठता यादी मात्र सूचनाफलकावर लागण्यास ऑगस्ट उजाडला. तिच्यावर दोन हरकती आल्या. एक किरकोळ होती, ती दुरुस्त झाली. दुसरी अध्यक्षांच्या भाच्याच्या नेमणुकीच्या तारखेविषयी आहे. ती अद्याप प्रलंबित आहे.