चोवीस चोक शहाण्णव

आमच्या चौथीच्या वर्गातली मुले मोबाईलवर तासन्‌तास लुडो खेळतात. पण फळ्यावर 24 गुणिले 4 लिहिले की माना खाली जातात. असे का? मोबाईलवर फासा पडतो आणि सोंगटी आपोआप सरकते. मोजण्याचे काम मुलांच्या वाट्याला येतच नाही.

लुडोचे पेटंट इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घेतले गेले, पण तो खेळ बेतला आहे आपल्या पचीसीवर. फतेहपूर सिक्रीच्या शाही अंगणात फरशीवर आखलेला पचीसीचा भला मोठा पट आजही पाहायला मिळतो. त्याच कुळातल्या चौपडचे वर्णन अबुल फजल यांनी ‘आईने अकबरी’त केले आहे. आम्ही ठरवले, मुलांना पुन्हा या पटावर बसवायचे.

जुन्या चादरीवर पट आखला. चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत 8 घरांच्या 3 रांगा. मधला चौक सोडून एकूण घरे किती? मुले बोटाने एकेक घर मोजू लागली आणि मध्येच चुकली. एकीने आठ त्रिक चोवीस केले, पण पुढे चोवीस चोक कुणालाच येईना. तेव्हा पाढ्यांच्या तासाला नेहमी रडवेला होणारा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, “आपा, पचीस म्हणजे 25 ना? 25 चोक 100. प्रत्येक पट्टीत एक घर कमी आहे. मग 100 मधून 4 गेले, 96!” त्या दिवशी तो पहिल्यांदा पुढे येऊन बसला.

खेळासाठी आम्ही कवड्या आणल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्या मुलाची दादी शाळेत आली. “आपा, पैसे लावत नाही, हे मान्य. पण दान टाकून खेळणे आमच्या घरात चालत नाही.” शंका रास्त होती. हदीसमध्ये नर्दच्या खेळाला मनाई आली आहे, आणि पैसे न लावताही असे खेळ अनेक उलेमा नाजायज मानतात. पण खेळच बंद केला असता, तर तो मुलगा पुन्हा मागच्या बाकावर गेला असता.

आम्ही कवड्या काढून टाकल्या. त्यांच्या जागी चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे ठेवले: सोपी, मध्यम आणि अवघड उदाहरणे. सोप्याचे उत्तर 3 पर्यंत, मध्यमचे 6 पर्यंत, अवघडचे 10 पर्यंत. गठ्ठा मुलाने स्वतः निवडायचा, उदाहरण मोठ्याने सोडवायचे आणि उत्तर येईल तेवढी घरे चालायचे. चुकले तर सोंगटी जागेवरच. नशिबाची जागा मेहनतीने घेतली.

खरी गंमत शेवटी येते. सोंगटी घरात न्यायला नेमकी 7 घरे हवी असतील, तर 7 उत्तर येणारे उदाहरण मुलानेच तयार करायचे, आणि तेही नुसत्या बेरजेचे नाही. कुणी 56 भागिले 8 करतो, कुणी 3 गुणिले 5 करून त्यातून 8 वजा करतो. एरवी भागाकाराला घाबरणारी मुले इथे तो आपणहून शोधतात.

हे घरीही सहज जमते. जुनी ओढणी, खडू आणि चार रंगांची चार-चार बटणे पुरेत. रात्री जेवणानंतर अर्धा तास मुलांबरोबर बसा. त्यांना हिशेब तोंडाने बोलू द्या, आणि चुकले तर रागावू नका, “कसे केलेस?” एवढेच विचारा. आमच्या वर्गातली बटणे त्याच दादीने पाठवली आहेत.