कारच्या टायरवरील अंक व अक्षरे : अर्थ आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्व

प्रस्तावना :
वाहनाचा रस्त्याशी प्रत्यक्ष संबंध येतो तो केवळ टायरच्या माध्यमातून. धावत्या कारचा संपूर्ण भार चार टायरच्या, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या भागावर पेललेला असतो. असे असूनही टायर खरेदी करताना ग्राहक बहुधा किंमत व कंपनी यांचाच विचार करतो. टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत नोंदविलेली माहिती दुर्लक्षित राहते. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णतः खुला झाला. अशा मार्गांवर कार तासन्‌तास वेगाने धावत असल्याने या माहितीचे आकलन आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या सांकेतिक नोंदींचा अर्थ स्पष्ट केला आहे.

१) आकारदर्शक नोंद :
उदाहरणादाखल ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ ही नोंद विचारात घेता येईल. यातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ६५ हा अंक मिलिमीटर नसून टक्केवारी आहे. म्हणजेच रिमपासून वरच्या पृष्ठभागापर्यंतची टायरची उंची रुंदीच्या ६५ टक्के, अर्थात सुमारे १२० मिलिमीटर असते. ‘आर’ हे अक्षर रेडियल रचनेचे द्योतक आहे. या रचनेत टायरच्या आतील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे, प्रवासाच्या दिशेशी काटकोनात असतात. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय.

या अंकांवरून टायरचा एकूण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो. त्याच रिमवर १९५/६५ आकाराचा टायर बसविल्यास व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर होतो. परिणामी वेगमापक तेवढाच आकडा दाखवीत असताना कारचा प्रत्यक्ष वेग पूर्वीपेक्षा सुमारे २ टक्क्यांनी अधिक असतो. ‘थोडा रुंद टायर’ हा बदल वाटतो तितका निरुपद्रवी नसतो, तो यामुळेच.

२) भार व वेग :
८८ हा भारनिर्देशांक आहे. तो किलोग्रॅममध्ये नसून तक्त्यानुसार ५६० किलोग्रॅम भारक्षमता दर्शवितो. ८२ म्हणजे ४७५, तर ९१ म्हणजे ६१५ किलोग्रॅम. ‘एच’ हे अक्षर ताशी २१० किलोमीटर ही कमाल वेगक्षमता सांगते; ‘एस’ साठी ती १८०, ‘टी’ साठी १९० आणि ‘व्ही’ साठी २४० आहे.

येथे एक गैरसमज संभवतो. वेगमर्यादा १२० आणि टायरची क्षमता २१० असल्यास धोका नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तथापि ही क्षमता सुस्थितीतील आणि योग्य दाबाने हवा भरलेल्या टायरची असते. हवा कमी असल्यास टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्यातून उष्णता निर्माण होते आणि टायर फुटण्याची शक्यता वाढते. त्यात अतिरिक्त भाराची भर पडल्यास हा धोका आणखी गंभीर होतो.

३) हवेचा दाब :
टायरवर आढळणारा दाबाचा आकडा कमाल मर्यादा सांगतो. तो नित्य भरावयाचा दाब नव्हे. योग्य दाब कार उत्पादकाने ठरविलेला असून तो बहुधा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेला असतो. टायर थंड असताना दाब तपासणे योग्य होय.

४) वय व झीज :
‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या नोंदीतील शेवटचे चार अंक निर्मितीचा काळ दर्शवितात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. हे अंक पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूस असतात. त्यामुळे ते न दिसल्यास आतील बाजू पाहावी. न वापरलेल्या स्टेपनीचे रबरही कालांतराने कठीण होते. त्यामुळे नक्षी शाबूत आहे एवढ्यावरून टायर सुरक्षित ठरत नाही.

‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे खाचांमधील झीजदर्शक उंचवट्यांची जागा दाखवितात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार कारच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. नक्षी झिजली की पावसात टायरखालील पाणी बाहेर फेकले जात नाही आणि कार पाण्याच्या थरावरून घसरू लागते.

५) प्रमाणचिन्हे :
२००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशान्वये भारतात टायरसाठी आयएसआय चिन्ह बंधनकारक करण्यात आले. बाण टायर फिरण्याची दिशा दर्शवितो. तो उलट बसविल्यास पाणी बाहेर टाकण्याची क्षमता घटते.

निष्कर्ष :
टायरवरील नोंद टायरची क्षमता सांगते, तर कारवरील पट्टी कारची गरज सांगते. या दोहोंचा मेळ साधणे हेच सुरक्षिततेचे सूत्र होय. आकार, भार व वेग यांचे संकेत खरेदीच्या वेळी पडताळता येतात. दाब, झीज आणि वय यांकडे मात्र सातत्याने लक्ष द्यावे लागते. दीर्घ प्रवासापूर्वी स्टेपनीसह पाचही टायरची अशी तपासणी करण्यास काही मिनिटे पुरतात.